वळिवड्याला पोचण्याआधी: स्टालिनच्या राजवटीतून वाचलेल्या पोलिश मुलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पाहिला, की पोलंडची माणसे इतक्या लांब आली कशी, हा प्रश्न पडतोच. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा हा विषय पुन्हा घरोघरी निघाला. आपल्याकडे ही हकीकत बहुतेकदा जामसाहेबांच्या, म्हणजे गुजरातमधल्या नवानगर संस्थानच्या राजांच्या, दिलदारपणापासून सुरू होते आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला या पोलिश निर्वासितांसाठी उभारलेल्या छावणीतल्या गोड आठवणींवर थांबते. त्यात गैर काही नाही. पण वळिवड्याच्या फलाटावर उतरलेले दहा वर्षांचे पोर तोवर तीन वर्षे मरणाशी झगडून आले होते. त्या तीन वर्षांत ते तगले कसे, हे मराठीत फार कमी सांगितले जाते. म्हणून इथल्या उत्तरांत त्या वर्षांना जास्त जागा दिली आहे.

ही मुले हिटलरच्या तावडीतून सुटून आली होती ना?

नाही. सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज हाच आहे. २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत पोलंड आपसांत वाटून घेतला. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन फौजा घुसल्या, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून लाल सेना आली. वळिवड्याला आलेली बहुतेक मुले या पूर्व पोलंडमधली होती. त्यांची घरे उठवणारी, बापांना तुरुंगात टाकणारी आणि त्यांना उपाशी मारणारी राजवट स्टालिनची होती.

ती सगळी ज्यू होती, असेही पुष्कळांना वाटते. पूर्व पोलंडमध्ये पोलिश, युक्रेनी, बेलारूसी, ज्यू असे सगळेच राहत होते आणि हद्दपारी सगळ्यांच्याच वाट्याला आली. वळिवड्याची वस्ती मात्र बहुतांश कॅथलिक पोलिश लोकांची होती. सोव्हिएत संघातून इराणला पोचलेल्या शेकडो ज्यू अनाथ मुलांचा एक वेगळा गट होता. तो १९४३ च्या सुरुवातीला तेहरानहून कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेला.

त्यांना घरातून नेले कसे?

मध्यरात्री किंवा पहाटे, दार ठोठावून. हद्दपारीच्या चार मोठ्या लाटा झाल्या: फेब्रुवारी, एप्रिल आणि जून १९४० मध्ये एकेक, आणि चौथी १९४१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. पहिली लाट १० फेब्रुवारी १९४० ची, ऐन कडाक्याच्या थंडीतली. सोव्हिएत गुप्त पोलीस, म्हणजे एनकेव्हीडीची माणसे, बंदुका घेऊन घरात शिरत, वडिलांना भिंतीशी उभे करत आणि आईला सामान बांधायला सांगत. कुठे अर्धा तास मिळे, कुठे तास-दीड तास.

या अर्ध्या तासाकडे नीट बघायला हवे, कारण पुढे घरातली कोणती मुले वाचणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरले. काही आया भेदरून बसून राहिल्या, काहींनी हाताला येईल ते उचलले. एखादा शिपाई माणुसकीने हळूच सांगे, की गरम कपडे घ्या, कुऱ्हाड घ्या, करवत घ्या, पीठ घ्या. ज्या घराने पिसांच्या गाद्या, उशांचे अभ्रे, लोकरी कोट, शिवणयंत्र बरोबर घेतले, त्या घराला पुढची दोन वर्षे ते एकेक करून विकता आले. अभ्र्याला थोडे दूध मिळे, कोटाला पीठ. वाचलेल्यांच्या आठवणींत आईचा एखादा कोट किंवा लग्नातली चादर पुन्हा पुन्हा येते, ती यामुळेच.

तिथून स्लेजने किंवा गाडीने स्टेशन, आणि स्टेशनवर मालगाडीचे डबे. भिंतीलगत फळ्यांचे दोन मजले, मध्ये लोखंडी शेगडी, शौचासाठी जमिनीला एक भोक. दार बाहेरून बंद. भोकाभोवती बायका चादर धरून आडोसा करत. दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस प्रवास चाले. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे आधी गेली. त्यांचे देह वाटेतल्या थांब्यांवर उतरवून घेतले जात आणि गाडी पुढे निघे. कबर कुठे झाली, झाली की नाही, हे घरच्यांना कधीच कळले नाही.

किती जणांना नेले?

सोव्हिएत दफ्तरांतून पुढे आलेला आकडा चारही लाटा मिळून सुमारे ३ लाख २० हजारांचा आहे. पोलंडच्या निर्वासित सरकारने तेव्हा केलेले अंदाज याच्या कितीतरी पट होते, म्हणून जुन्या लेखांत मोठे आकडे दिसतात. हद्दपार झालेल्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे होते. कारण शिक्षा एका माणसाला नव्हती, आख्ख्या घराला होती.

या मुलांचे वडील कुठे होते?

काहींचे बरोबरच होते आणि जंगलतोडीच्या कामावर खचून मेले. काहींना आधीच अटक झाली होती. १९४० च्या वसंतात सोव्हिएत सरकारने कॅटिन आणि इतर ठिकाणी जवळजवळ २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस आणि इतर कैद्यांना गोळ्या घातल्या. त्या कैद्यांच्या बायकामुलांचे पत्ते सरकारने जमवले होते, आणि १३ एप्रिल १९४० च्या लाटेत नेमक्या त्याच बायकामुलांना कझाकस्तानात नेऊन टाकले. ती पोरे तिथून वडिलांना पत्रे लिहीत राहिली. वडील तोवर मातीखाली गेले होते किंवा जाणार होते. सोव्हिएत संघाने या हत्याकांडाची कबुली दिली ती १९९० मध्ये.

नेऊन टाकले कुठे?

ढोबळमानाने दोन प्रकारची ठिकाणे होती. पहिल्या लाटेतल्यांना अर्खांगेल्स्क, कोमी, उरल आणि सायबेरियातल्या जंगल वसाहती मिळाल्या. तिथे लाकूडतोड, लाकडाच्या बराकी, ढेकूण, आणि वसाहतीचा अधिकारी सांगेल तो कायदा. एप्रिलच्या लाटेतल्यांना कझाकस्तानच्या उघड्या माळावर सामूहिक शेतांत सोडले. तिथे राहायला जागाही ज्याने त्याने शोधायची, कुणाच्या तरी मातीच्या झोपडीचा एखादा कोपरा. जंगलात निदान जळण होते, माळावर झाडच नव्हते.

मग मुले जगली कशी?

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याला एकच एक उत्तर नाही.

पाव कामाच्या मापाने मिळे. ठरलेले काम पुरे केले तर ठरलेला पाव, कमी भरले तर कमी. जो काम करत नाही तो खाणार नाही, हे त्या राजवटीचे ब्रीदच होते. लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा हिस्सा कामकऱ्याहून खूप कमी असे. म्हणजे आई आजारी पडली, की घराचा पाव त्याच दिवशी घटला. अशा वेळी दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कामावर उभी राही: फांद्या तोडणे, ढलप्या गोळा करणे, गुरे राखणे, पाणी ओढणे. पाव दमट आणि जड असे. मोठी बहीण तो दोऱ्याने किंवा सुरीने सारखा कापी आणि खाली सांडलेला चुरा बोटाने टिपून सगळ्यात धाकट्याला देई. घरातला पाव कोण कापणार, हे काम फार विश्वासाचे होते.

उरलेली भूक रानाने भागवली. उत्तरेच्या जंगलात उन्हाळ्यात मश्रूम आणि रानफळे मिळत, आणि ती गोळा करायला मोठ्यांना सवड नसल्यामुळे हे काम मुलांचेच असे. कझाकस्तानात नेटल, म्हणजे हात लागला की खाज सुटणारे एक रानझुडूप, आणि चाकवताच्या जातीच्या रानभाज्या उकडून खाल्ल्या. गोठलेले, काळे पडलेले बटाटे शेतातून उकरून काढले. कापणीनंतर शेतात पडलेली गव्हाची कणसे वेचली, पण त्यात जिवाचा धोका होता. ७ ऑगस्ट १९३२ च्या सोव्हिएत कायद्याने सामूहिक शेतातली कणसेसुद्धा राज्याची मालमत्ता ठरली होती आणि वेचणाऱ्याला चोरीची शिक्षा होई. म्हणून मुले अंधारात जात, कणसे सदऱ्याच्या आत लपवत. अपहरणाने, हत्येने उभ्या राहिलेल्या त्या सत्तेच्या लेखी भुकेले पोर चोर होते, याची चीड आजही यावी.

जळणासाठी मुले माळावर गुरांच्या मागे फिरून शेण गोळा करत. त्यात काडीकचरा कालवून, पायांनी तुडवून गोवऱ्या थापत आणि उन्हात वाळवून ठेवत. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण वॉर्सा-ल्व्हुवच्या शहरी घरांतल्या, पियानो शिकणाऱ्या मुलींनाही ते शिकावे लागले, आणि ज्या घराची रास हिवाळ्याआधी पुरी झाली नाही ते घर हिमवादळात गारठून गेले.

स्थानिक माणसांचीही मदत झाली, आणि ती विसरता कामा नये. कझाक शेजारणीने दिलेले वाटीभर दूध किंवा भाकरीचा तुकडा कितीतरी आठवणींत आहे. त्या कझाक लोकांनी स्वतः १९३० ते १९३३ च्या दुष्काळात तेरा ते पंधरा लाख माणसे गमावली होती, आणि तो दुष्काळही याच राजवटीच्या सक्तीच्या शेतीधोरणाने आणलेला होता.

आजार मात्र कुणाच्या हातात नव्हते. टायफस, आमांश, गोवर, हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही, जीवनसत्त्वांअभावी आलेले रातांधळेपण. संध्याकाळ झाली की धाकट्यांना दिसेनासे होई आणि मोठी भावंडे त्यांना हाताला धरून फिरवत.

तिथे शाळा होती का?

बऱ्याच ठिकाणी होती, आणि सक्तीची. शिकवणे रशियन भाषेत. देव नाही आणि पोलंडही आता नाही, हे तिथे रोज सांगितले जाई. अनेकांनी एक प्रसंग सांगितला आहे: शिक्षिका वर्गाला म्हणे, देवाकडे मिठाई मागा. काही येत नसे. मग म्हणे, आता स्टालिनकडे मागा, आणि मिठाई येई. भुकेल्या पोरांवर केलेला हा प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. संध्याकाळी घरी आई किंवा आजी दार लावून पोलिश प्रार्थना, कविता आणि इतिहास म्हणून घेई. बऱ्याच मुलांची पोलिश लिपी अशीच टिकली.

सुटका कुणी केली?

सुटका झाली ती हिटलरने स्टालिनवर हल्ला केल्यामुळे, हे कटू असले तरी खरे आहे. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि स्टालिनला मित्रांची गरज पडली. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला. ऑगस्टमध्ये पोलिश कैद्यांना आणि हद्दपारांना माफी जाहीर झाली. ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांना दिलेली ही माफी! सोव्हिएत भूमीवर जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभारायचेही ठरले. ते सैन्य पुढे दक्षिणेकडे उझबेकिस्तानात हलले, आणि बातमी कळेल तसतशी घरेच्या घरे तिकडे निघाली. किती तरी वसाहतींत ती बातमी पोचलीच नाही, किंवा अधिकाऱ्यांनी पोचू दिली नाही.

म्हणजे तिथे त्यांचे हाल संपले?

उलट, सगळ्यात जास्त मुले गेली ती या सुटकेनंतरच्या महिन्यांत, असे वाचलेल्यांचे लिखाण वाचताना वाटत राहते. जंगलातून बाहेर पडल्यावर ठरलेला पावही बंद झाला. युद्धामुळे गाड्या दिवसच्या दिवस आडबाजूला उभ्या राहत. सोव्हिएत स्टेशनांवर उकळत्या पाण्याचा नळ असे. आई किटली घेऊन उतरे आणि परत येईपर्यंत गाडी सुटलेली असे. डब्यात राहिलेली पोरे पुढे गेली, आई मागे राहिली. कुणाची पुन्हा भेट झाली, कुणाची नाही. पुढे ‘अनाथ’ म्हणून नोंदलेल्या मुलांपैकी काहींची आई त्या वेळी कुठेतरी जिवंत होती.

दक्षिणेत उत्तरेइतकी थंडी नव्हती, पण टायफस, आमांश आणि मलेरिया होता. उझबेकिस्तानात गुझारसारख्या सैन्यतळांवर पोलिश कबरींचे मळेच्या मळे आहेत. सैनिकांनी आपल्या शिध्यातला वाटा काढून मुलांना दिला. सैन्याबरोबर अनाथालये निघाली आणि तिथे आयांपुढे एक भयंकर निवड उभी राहिली. अनाथालयातल्या मुलाला खायला मिळे, आणि देशाबाहेर जाणाऱ्या जहाजावर त्याला जागा मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून कित्येक आयांनी आपली धडधाकट मुले स्वतःच्या हाताने तिथे नेऊन सोडली आणि आई नाही असे सांगायला शिकवले. त्या मुलांना पुढे आयुष्यभर वाटत राहिले की आईने आपल्याला टाकले. काहींना खरी गोष्ट उतारवयात कळली.

सोव्हिएत संघातून बाहेर कसे पडले?

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, क्रास्नोवोद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमधल्या पहलवीला. आज त्या गावाला बंदर अंजली म्हणतात. दोन्ही खेपा मिळून सुमारे १ लाख १५ हजार लोक बाहेर पडले. त्यांतले बहुतेक सैनिक, आणि मुले हजारोंनी. जहाजांवर उभे राहायला जागा नव्हती. पहलवीच्या वाळूत उतरल्यावर कपडे जाळले, डोकी भादरली, अंघोळी घातल्या. मग खायला दिले, आणि नेमका तिथेच घात झाला. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या पोटात तेलकट मटणाचा रस्सा गेला आणि बरीच माणसे त्याने दगावली. पहलवीच्या पोलिश दफनभूमीत सहाशेहून अधिक कबरी आहेत. इतके सगळे सोसून किनाऱ्याला लागल्यावर गेलेली ही माणसे.

वाचलेल्या मुलांपैकी मोठा गट इस्फहानला गेला. तिथे मुलांच्या इतक्या शाळा आणि वसतिगृहे उघडली, की पोलिश लोक त्याला पोलिश मुलांचे शहरच म्हणू लागले. पुढे कुणी भारतात, कुणी टांगानिका आणि युगांडात, कुणी मेक्सिकोत गेले. १९४४ मध्ये ७३३ मुलांचा एक गट न्यूझीलंडला पोचला.

भारतात कशी आली? जामसाहेबांचा वाटा किती?

वाटा मोठा आहे, आणि वेळेच्या दृष्टीने तर फारच मोठा. मुंबईतला पोलिश वाणिज्य दूतावास आणि रेड क्रॉस यांनी मदतीचे सामान घेऊन ट्रक इराणमार्गे अश्गाबादपर्यंत धाडले आणि येताना त्याच ट्रकांतून मुले आणली. डोंगर, वाळवंट आणि क्वेट्टा ओलांडून पहिली तुकडी एप्रिल १९४२ मध्ये मुंबईला पोचली आणि काही काळ बांद्र्यात राहिली. त्या वेळी त्यांना ठेवून घ्यायला फारसे कुणी तयार नव्हते. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले. त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकाठी छावणी उभारून दिली. १९४२ ते १९४६ या काळात तिथे राहून गेलेल्या मुलांचा आकडा हजाराच्या घरात सांगितला जातो. मुले जामसाहेबांना बापू म्हणत.

वळिवड्याला कोल्हापूरच्या महाराजांनी बोलावले होते का?

असे अनेकदा छापून येते, पण १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर अगदी लहान बाळ होते. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले, दत्तक घेतलेले शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. कारभार राजप्रतिनिधी मंडळ पाहत होते आणि संस्थानाने जागा दिली. छावणीचा निर्णय ब्रिटिश हिंद सरकार आणि लंडनमधले पोलिश निर्वासित सरकार यांच्यातला. वळिवड्याच्या खर्चाचा मुख्य भारही त्या पोलिश सरकारनेच उचलला. कोल्हापूरकरांनी पाच वर्षे शेजार दिला, बाजार दिला, जीव लावला. तेवढे श्रेय भरपूर आहे, त्यात भर घालायची गरज नाही.

त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. मग परक्यांसाठी छावणी कशी निघाली?

हा प्रश्न पुष्कळ जण दबक्या आवाजात विचारतात. तो मोकळेपणाने विचारायला हवा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली असा अंदाज आहे, आणि त्याचा जाब ब्रिटिश सरकारलाच द्यावा लागेल. वळिवड्याची पोरे बंगालच्या तोंडचा घास खात नव्हती. स्वतः उपासमारीतून आलेली ही पोरे आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर मेलेली पोरे यांना एकमेकांसमोर उभे करणे मला पटत नाही. दोन्ही ठिकाणी सत्तेने माणसांचा हिशेब धान्याच्या गोण्यांत केला.

वळिवड्यात रोजचे जगणे कसे होते?

कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांमधून १९४३ च्या उन्हाळ्यापासून माणसे वळिवड्याला येऊ लागली. वस्ती पाच हजारांपर्यंत गेली, बहुतेक बायका आणि मुले. लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला राहायला आणि स्वयंपाकाला जागा. चर्च, दवाखाना, नाट्यगृह, दुकाने, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, स्काउटची पथके, पन्हाळ्याच्या सहली. क्षय झालेल्या मुलांना पाचगणीला ठेवले, तिथल्या हवेने त्यांतली बरीच सुधारली. भाजीवाले, दूधवाले, परीट मोडके पोलिश बोलू लागले आणि पोरे बाजारात मराठीत भाव करू लागली.

मुलांच्या मनावर काय परिणाम राहिला?

पहलवीपासून बालाचडीपर्यंत सांभाळणाऱ्या सगळ्यांनी एक गोष्ट नोंदवली: मुले पाव लपवत. उशीखाली, गादीच्या शिवणीत, खिशात. रोज तीन वेळा ताट समोर येत असतानाही. पाव वाळून, बुरशी येऊन जाई, तरी टाकू देत नसत. शहाण्या बायकांनी त्यांना रागावणे सोडून दिले, आणि काही महिन्यांनी सवय आपोआप सुटत गेली. काहींची कधीच सुटली नाही. वयाची ऐंशी उलटल्यावरही पावाचा तुकडा फेकवत नाही, असे सांगणारे बरेच होते.

मुलांकडून त्या काळात निबंधही लिहून घेतले गेले. आंदेर्स यांच्या सैन्याने आणि पोलिश सरकारने हद्दपारीचा पुरावा म्हणून ते जमवले, आणि आज ते अमेरिकेत हूवर संस्थेच्या दफ्तरात आहेत. त्या निबंधांत रडणे फार कमी आहे. आई कधी गेली, भाऊ कधी गेला, पाव किती होता, एवढेच सरळ लिहिलेले. त्या बाबतीत माझ्या दृष्टीने त्याहून विश्वासू साक्ष नाही.

जामसाहेबांनी मुलांना दत्तक घेतले, हे खरे का?

युद्धानंतर वॉर्सात सोव्हिएतधार्जिणे सरकार आले आणि त्याने अनाथ मुले परत मागितली. ज्या राजवटीने यांना अनाथ केले तिच्याच सावलीत पुन्हा पाठवायचे, ही कल्पना बालाचडीत कुणालाच सोसणारी नव्हती. तेव्हा जामसाहेब, छावणीचे प्रमुख फादर प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून मुलांचे पालकत्व कायदेशीरपणे घेतले, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. हे दत्तकविधान सामूहिक होते आणि मुलांना जबरदस्तीने परत पाठवता येऊ नये, एवढ्यासाठी होते.

छावणी बंद झाल्यावर ती पोलंडला का गेली नाहीत?

गेली ती थोडी. बाकीच्यांचे गाव पोलंडमध्ये उरलेच नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी सीमा ठरवल्या आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. ल्व्हुव आज युक्रेनमधले ल्विव आहे, विल्नो लिथुआनियाची राजधानी आहे, ग्रोद्नो बेलारूसमध्ये आहे. ज्या सत्तेने हाकलले तिच्याच ताब्यात घर. म्हणून १९४७-४८ मध्ये ही माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. ज्यांचे नवरे किंवा वडील पोलिश सैन्यात इटलीत लढले होते त्यांना ब्रिटनने घेतले. एखाद-दुसरी मुलगी कोल्हापुरात लग्न करून इथलीच झाली.

आज वळिवड्यात काय बघायला मिळते?

छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. आज तिथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे. एका बेघर वस्तीच्या बराकींत दुसरी बेघर वस्ती आली, हे कोल्हापुरातही फार थोड्यांच्या लक्षात आहे. २०१९ मध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभ उभा राहिला, त्या वेळी पोलंडहून वृद्ध झालेली छावणीतली मुले आली होती. शहरात महावीर उद्यानातला स्तंभ आणि पोलिश कबरी आहेत. बालाचडीला आता सैनिकी शाळा आहे.

जी मुले बाहेर पडू शकली नाहीत त्यांचे काय झाले?

बाहेर पडलेल्यांपेक्षा मागे राहिलेले कितीतरी जास्त होते. एप्रिल १९४३ मध्ये कॅटिनच्या कबरी उघडकीला आल्या, पोलिश सरकारने चौकशी मागितली आणि स्टालिनने संबंधच तोडले. त्याच सुमारास मागे राहिलेल्यांवर सोव्हिएत नागरिकत्वाचे कागद घेण्याची सक्ती झाली; नकार देणाऱ्या आया तुरुंगात गेल्या आणि त्यांची मुले सरकारी अनाथालयांत. तिथे वाढलेली काही मुले आपली भाषा आणि आडनावही विसरली. १९४६ मध्ये बऱ्याच जणांना पोलंडला जाऊ दिले, पण त्यांनाही जुन्या गावी जाता आले नाही. जर्मनीकडून घेतलेल्या पश्चिमेकडच्या प्रदेशात, कुणा दुसऱ्याच्या रिकाम्या घरांत त्यांना वसवले. तिथे साम्यवादी राजवट असेपर्यंत सायबेरियाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. वळिवड्याच्या मुलांना निदान आपली गोष्ट सांगता आली. यांना १९८९ पर्यंत थांबावे लागले, आणि तोवर सांगणाऱ्यांपैकी पुष्कळ जण उरले नव्हते.